बोनमॅरोच्या रिपोर्टात ‘एसएफ३बी१’ आलं तर तो कसा वाचावा

मी बेळगावात पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, जीवशास्त्र शिकवतो, म्हणून खानापूर-निपाणीकडचे जुने विद्यार्थी घरच्यांचे रिपोर्ट घेऊन येतात. रिपोर्ट इंग्रजीत, डॉक्टरांनी समजावलेलं अर्धं कन्नडमध्ये, आणि घरी आजीला सांगायचं मराठीत. औषधाचं मी बोलत नाही. कागद कसा वाचायचा तेवढं सांगतो.

जनुकाच्या नावाकडे आधी धावू नका. वर आजार कोणता लिहिलाय ते बघा. एमडीएसमध्ये, म्हणजे मज्जेत रक्तपेशी नीट तयार होत नाहीत त्या आजारात, एकट्या एसएफ३बी१मधला बदल सहसा त्यातल्या त्यात बरा धरतात. तोच बदल सीएलएल या रक्ताच्या कर्करोगात आला तर आजार बळावण्याची शक्यता जास्त. नुसतं जनुकाचं नाव मोबाइलवर शोधणारे इथेच फसतात.

मग त्या जनुकाचं काम बघा. पेशीच्या केंद्रकात डीएनएवरून आरएनएची कच्ची प्रत निघते. तिच्यातले इंट्रॉन, म्हणजे मधले नको असलेले तुकडे, कापून बाकीचे जोडतात, ते स्प्लायसिंग. १९७७ साली हे कळलं. शार्प आणि रॉबर्ट्स यांना त्यासाठी १९९३चं नोबेल मिळालं. कुठे कापायचं ते ओळखणाऱ्या यंत्रणेत एसएफ३बी१ प्रथिन असतं. ‘के७००ई’ लिहिलं असेल, तर त्या प्रथिनात ७००व्या जागी लायसिन या अमिनो आम्लाऐवजी ग्लुटामिक आम्ल आलंय. तेवढ्यानं कापण्याची जागा थोडी सरकते. एबीसीबी७ जनुकाचा आरएनए असा चुकीचा कापला गेला की पेशी तो नष्ट करते, प्रथिन कमी पडतं आणि लोह मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, साचतं. रिपोर्टातले ‘रिंग सिडरोब्लास्ट’ ते हेच: केंद्रकाभोवती लोहाचे निळे ठिपके. एका अमिनो आम्लापासून सूक्ष्मदर्शकापर्यंत इतकी सलग साखळी क्वचितच सापडते, म्हणून वर्गात मी हेच उदाहरण घेतो.

एसआरएसएफ२, यू२एएफ१ हीसुद्धा स्प्लायसिंगचीच जनुकं. एमडीएसमध्ये एसआरएसएफ२ मात्र सहसा चांगलं लक्षण नाही.

‘व्हीएएफ ४०%’ म्हणजे ४० टक्के कर्करोग नव्हे! तपासलेल्या डीएनए-प्रतींपैकी ४० टक्क्यांत बदल दिसला. पेशीत जनुकाच्या दोन प्रती असतात आणि बदल बहुधा एकीतच, म्हणजे साधारण ८० टक्के पेशींत तो असावा.

कधी ‘एक्सपीओ१’ दिसतं. हे केंद्रकातून माल बाहेर नेणारं प्रथिन. एपीएमसी यार्डातून पावती दाखवल्याशिवाय गाडी सुटत नाही, तसा कापून-जोडून झालेला आरएनएच बाहेर जातो; पण तो बहुतांशी एनएक्सएफ१ हे दुसरं प्रथिन नेतं. एक्सपीओ१ मुख्यतः प्रथिनं नेतं, त्यात कर्करोग रोखणारं पी५३ही. ते बाहेर गेलं की केंद्रकात पहारा उरत नाही. मायलोमा या मज्जेतल्या कर्करोगावरचं सेलिनेक्सॉर हे औषध एक्सपीओ१लाच अडवतं. अमेरिकेत त्याला २०१९ साली मंजुरी मिळाली.

‘एनयूपी९८’ किंवा ‘एनयूपी२१४’ची दुसऱ्या जनुकाशी जोडणी लिहिली असेल, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, डॉक्टरांना लगेच फोन करा. काही ल्युकेमियांत, म्हणजे रक्ताच्या कर्करोगांत, ती सापडते.

“सर, पोरांना होईल काय ओ?” हे प्रत्येक घर विचारतंच. एसएफ३बी१सारखे बदल सहसा जन्मतः नसतात, वय वाढताना मज्जेतल्या पेशीत घडतात. तेव्हा या ओळीवरून पोरांच्या तपासण्या करत सुटू नका. ‘जर्मलाइन’ (जन्मतःच असलेला बदल) हा शब्द कुठे असला तर मात्र त्याखाली रेघ ओढा आणि डॉक्टरांना दाखवा.