केनियातल्या खेड्यात मुलांसाठी जाताना: मुंबईच्या चर्च-गटाची तयारी

आधी लस, मग तिकीट. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस सरकारमान्य केंद्रातच घ्या. प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी. लस घेतल्यावर मिळणारं कार्ड दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात आणि एकच डोस आयुष्यभर चालतो. कार्डावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. खरी अडचण परतताना होते: कार्ड नसेल तर मुंबईत उतरल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. मलेरियाच्या गोळ्याही त्यांनाच विचारून घ्या. डॉक्सीसायक्लिन दिलं तर परतल्यावरही 4 आठवडे चालू ठेवावं लागतं, आणि लोक नेमके तिथेच चुकतात.

सामान प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधू नका. केनियात 2017 पासून बंदी आहे. कापडी पिशव्या घ्या. प्लग तिथे तीन चौकोनी पिनांचा लागतो.

खेळण्यांची पोती नेण्यात अर्थ नाही. वाटताना चेंगराचेंगरी होते, उरलेली मुलं रडतात. त्यापेक्षा वह्या-पेन्सिली नैरोबीत विकत घेऊन शिक्षकांच्या हाती द्या. दोरी, खडू, दोन फुटबॉल आणि पंप मात्र न्या. पंपाची सुई हमखास हरवते, तेव्हा चार ठेवा.

कोणीही मोठा माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत थांबणार नाही, कायम दोघं. फोटो पालक किंवा मुख्याध्यापकांना विचारूनच. बायबलमधली गोष्ट दहा मिनिटांत संपवा, कारण तिथल्या स्वाहिली भाषेत दुभाषी सांगेपर्यंत तिची वीस होतात.