हाडांची गोळी घेण्याआधी पचनाकडे पाहा : सिस्टिक फायब्रोसिसमधील नेहमीच्या चुका

सोलापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना सिस्टिक फायब्रोसिसचे (फुप्फुसांत व स्वादुपिंडात घट्ट, चिकट स्राव साठवणारा आनुवंशिक आजार) तरुण रुग्ण माझ्याकडे मोजकेच येतात, परंतु हाडांच्या बाबतीत त्यांच्या घरी होणाऱ्या चुका ठरलेल्या असतात, आणि त्यांतली सर्वांत जुनी म्हणजे कॅल्शियमची गोळी सुरू करून निश्चिंत होणे. या आजारात बहुतेकांच्या स्वादुपिंडाचे पाचकरस आतड्यात पोहोचत नाहीत. त्यामुळे स्निग्ध पदार्थ न पचता बाहेर पडतात आणि त्यांच्यासोबत अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वेही जातात. ड जीवनसत्त्व कमी असेल तर कॅल्शियम नीट शोषले जात नाही, मग गोळी कितीही महागडी असो.

यंत्रमागाचा व्यवसाय असलेल्या घरातील एक तरुण अनेक महिने ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा घेत होता, तरी रक्तातील पातळी वाढत नव्हती. घरच्यांनी आधी कंपनी बदलली आणि नंतर कुणालाही न विचारता पुडी रोज सुरू करण्याचे ठरवले. सुदैवाने त्याआधी ते माझ्याकडे आले. मी त्याला आदल्या दिवशीचे खाणे क्रमाने सांगायला लावले, तेव्हा उलगडा झाला. स्वादुपिंडाच्या पाचकरसांची उणीव भरणारी एन्झाइमची कॅप्सूल तो केवळ दोन जेवणांना घेत असे. सकाळची कडक भाकरी, शेंगा चटणी आणि वर सोडलेले तेल हा त्याच्या लेखी नाश्ता होता, आणि ज्या दुधातून पुडी घ्यायची ते रात्रीचे दूध तर त्याच्या मते खाणेच नव्हते. शौच तेलकट होते, हे त्याने विचारल्यावर सांगितले. डॉक्टरांशी बोलून प्रत्येक स्निग्ध खाण्याच्या सुरुवातीला कॅप्सूल आणि पुडी दुपारच्या जेवणासोबत, असा बदल केला. सुमारे तीन महिन्यांनी पातळी ३० नॅनोग्रॅमच्या वर गेली. म्हणून मी डोस वाढवण्याची भाषा ऐकली की आधी खाण्याची वही मागते. आठवड्याची पुडी रोज घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, अतोनात तहान आणि मूत्रपिंडाला इजा संभवते, हे घाई करणाऱ्यांना कोण सांगणार?

सोलापूरच्या उन्हात ड जीवनसत्त्वाची कमतरता कशी होईल, असेही विचारले जाते. चाळीस अंशांच्या उन्हात माणूस सावली शोधतो किंवा तोंड-हात झाकून बाहेर पडतो. हवा तापली म्हणून त्वचेला ऊन मिळते असे नाही. त्यातून या आजारात घामावाटे मीठ फार जाते, त्यामुळे भर दुपारी ऊन खात बसण्याचा सल्ला मी देत नाही.

दुसरी चूक डेक्सा तपासणीचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या क्ष-किरण तपासणीचा, अहवाल घरीच वाचण्याची. छापील कागदावर टी-स्कोअर (निरोगी तरुण प्रौढांशी तुलना) आणि झेड-स्कोअर असे दोन्ही आकडे असतात. पन्नाशीच्या आतील पुरुषांत आणि पाळी सुरू असलेल्या स्त्रियांत वय-लिंगाशी तुलना करणारा झेड-स्कोअर पाहायचा असतो, आणि तो उणे दोन किंवा त्याहून खाली असेल तर घनता वयाच्या मानाने कमी समजतात. शिवाय चण लहान असेल तर यंत्र घनता प्रत्यक्षाहून कमी दाखवू शकते. हे न समजता टी-स्कोअर पाहून घाबरलेले पालक मुलाचे चालणे-जिने बंद करतात. हाडांवर भार पडणे थांबले की झीज वाढते, आणि तेव्हा फिजिओथेरपिस्टने ठरवून दिलेला व्यायामच कामाला येतो.

हाडांची झीज रोखणारी अलेंड्रोनेटची गोळी चहासोबत घेऊन पुन्हा आडवे होऊ नये; ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि किमान अर्धा तास ताठ बसावे. त्याच गटातील झोलेड्रोनिक आम्ल या औषधाचे सलाइन लावण्याआधी ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढलेली असावी. दम्यावरची अनोळखी पुडी घेऊ नये, कारण तिच्यात स्टेरॉइड असू शकते आणि ते हाडे पोखरते. डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड मात्र स्वतःहून एकदम बंद करू नये. वजन कमी असताना तूप तोडणाऱ्यांविषयी न बोललेलेच बरे.

बरगडीत किंवा पाठीत अचानक उठलेली कळ खोकल्यानेच आली असे धरून शेक देत बसू नये. बरगडी किंवा मणका मोडलेला असेल तर वेदनेमुळे खोकणे टाळले जाते, कफ साठतो आणि संसर्ग बळावतो. त्याच दिवशी छातीच्या डॉक्टरांना कळवावे, एक्स-रे काढावा, आणि वेदनाशामक घेऊन कफ काढण्याची कोणती पद्धत चालू ठेवायची हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे.