पुराआधी दुकान हलवायचं तर आधी पाण्याचे फूट ठरवा

सांगलीच्या गणपती पेठेत घाऊक किराण्याचं दुकान असेल, तर 'आपत्ती व्यवस्थापन आराखडा' नावाची इंटरनेटवरून उतरवलेली चाळीस पानं कपाटात ठेवू नका. पुरात तीही भिजतात. एक कागद पुरतो. त्या कागदावर सगळ्यात वर एक आकडा हवा: आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती फुटांवर आली की माल हलवायला लागायचं.

जागा आणि गाड्या: मे महिन्यातच कुपवाडच्या बाजूला उंचावरचं गोदाम बोलून ठेवा, टेम्पोवाल्याला इसार द्या, हमालांच्या मुकादमाला सांगून ठेवा. गोदामाचा पत्ता विमा पॉलिसीत आणि जीएसटी नोंदणीत आधीच घालून घ्या.

आता तो आकडा. माझा सगळ्यात जास्त झगडा यावरच झाला आहे, कारण प्रत्येक दुकानाचा आकडा वेगळा निघतो आणि तो कुणीच तयार देत नाही. आयर्विनला ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ ही धोका पातळी. 'पंचेचाळीसला बघू' हा पेठेतला सर्वांत महागडा सल्ला आहे. त्या पातळ्या शहरासाठी आहेत, तुमच्या उंबऱ्याला त्यांचं देणंघेणं नाही. शिवाय पाणी नेहमी नदीकडून चालत येत नाही. गटारं आणि नाले उलटे फुगतात आणि नदी लांब असतानाच गल्ली भरते.

म्हणून हिशेब उलटा करायचा. आयर्विनला किती फूट असताना तुमच्या गल्लीतून टेम्पो निघणं बंद होतं, हे २००५, २०१९ आणि २०२१ पाहिलेल्या शेजाऱ्यांना विचारा. दुकानात पाणी कधी शिरलं हे विचारू नका, रस्ता कधी बंद झाला ते विचारा. समजा उत्तर आलं ४७. आता माल मोजा. ५० किलोची ६०० पोती म्हणजे ३० टन. तीन टनांच्या टेम्पोत ६० पोती, म्हणजे दहा खेपा. दोन टेम्पो असतील तर प्रत्येकी पाच. भरणं, नेणं, उतरवणं, परत येणं धरून खेपेला अडीच तास, म्हणजे साडेबारा तास. हे कोरड्या दिवसाचं झालं. पावसात दीडपट धरा, साधारण १९ तास.

नदी तीन तासांना एक फूट चढत असेल, तर १९ तासांत साधारण सहा फूट. ४७ मधून सहा वजा केले की ४१. हा तुमचा आकडा. ४५ची वाट पाहणारा चार फूट, म्हणजे बारा तास घालवून बसतो, आणि त्या वेळी टेम्पो मिळत नाही, मिळाला तर भाडं तो म्हणेल ते. चढण्याचा वेग मात्र नदी पात्रात असतानाचाच धरा. पाणी पात्राबाहेर पसरलं की चढ मंदावते आणि माणसं उगाच निर्धास्त होतात.

'माळ्यावर टाकू' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. २०१९ला पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. माळा वाचला तरी माल दिवसचे दिवस अडकतो, आणि साखर, गूळ दमट हवेतच खराब होतात.

आकड्याखाली एक नाव लिहा. शेठ लग्नाला परगावी असले तरी त्या माणसाने कुणाला फोन न करता मुकादमाला बोलवायचं. पाणी आलं नाही तर टेम्पोचं भाडं आणि हमाली वाया गेली म्हणून त्याला बोलायचं नाही, हेही लिहा. एकदा त्याला टोमणे बसले की पुढच्या वेळी तो ४५ची वाट बघतो. कोयना धरणाचा विसर्ग वाढल्याची बातमी आली की त्याने दर तासाला पातळी बघायला लागायचं.

हिशेबाचा डेटा: टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑल्ट-वाय दाबून बॅकअप घ्या, एक प्रत गावाबाहेर ठेवा, आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर, रिकाम्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून उघडून बघा. टॅलीव्हॉल्टचा, म्हणजे टॅलीतला डेटा कुलूपबंद करणारा, पासवर्ड दोघांना माहीत हवा. तो हरवला तर बॅकअप असून नसल्यासारखा.

विमा: पॉलिसीत पूर आहे का ते पाहा. एका जागी पाच कोटींपर्यंतची मालमत्ता असेल तर 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी मिळते. बँकेला दर महिन्याला देता ते स्टॉक स्टेटमेंट खरं असू द्या, नुकसान तपासायला येणारा विम्याचा सर्व्हेअर तेच मागतो. नष्ट झालेल्या मालावरचं इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची घेतलेली वजावट, उलटवावं लागतं, त्यामुळे दाव्याची रक्कम ठरवण्याआधी सीएला विचारा.

पाणी ओसरल्यावर इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय मेन स्विच लावू नका. भिजलेली पोती सर्व्हेअर बघून जाईपर्यंत फेकू नका. वासाने शेजारी ओरडतील, महापालिकेची गाडीही दारात येईल. निदान पोती मोजून, रांगेत लावून, तारखेसह फोटो काढल्याशिवाय एकही पोतं गाडीत टाकू नका.