शेवटच्या नळावर पिवळं दिसलं पाहिजे

गुहागरकडची आमची अठ्ठावीस उंबऱ्यांची वाडी. विहीर खाली व्हाळाच्या काठी, वीस हजार लिटरची टाकी वर सड्यावर. कागदोपत्री मी जलसुरक्षक, वाडीत मात्र पाणीवाला. शेजारचा पोरगा आता हे काम शिकतोय. त्याला सांगतो तेच लिहितोय.

आधी पाण्यातले जंतू मारायची पावडर, म्हणजे टीसीएल (ब्लीचिंग पावडर). ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. पण आपल्या पावसात पिशवीचं तोंड उघडं राहिलं की हळूहळू तो उडून जातो आणि उरतो चुना. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, कोरड्या जागी ठेवायची. डबा उघडल्यावर वास नाकाला झोंबला नाही, तर त्या पावडरीवर विसंबू नका.

हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे आमच्या भरलेल्या टाकीला १०० ग्रॅम. काट्यावर मोजा, मूठ माणसागणिक वेगळी. तोंडाला फडकं बांधून प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग बादली भरून ढवळा आणि अर्धा तास तशीच ठेवा. वरची निवळी टाकीत ओतायची, खालचा चुना नाही. टाकी भरत असतानाच ओतली तर छान मिसळते. मग निदान अर्धा तास व्हॉल्व्ह उघडायचा नाही. मी तासभर थांबतो.

आता ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची ऑर्थोटोलिडिनची चाचणी. नळाच्या थोड्या पाण्यात थेंब टाकले की लगेच रंग बघा. फिकट पिवळा आला तर क्लोरीन आहे. नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी हवा. ते पाणी नंतर ओतून टाका, पिऊ नका. आणि टेस्ट टाकीजवळ करून घरी जाऊ नका. ती चूक मी केलीय.

एकदा गणपतीच्या आधी टाकीजवळ पिवळं, पण शेवटच्या घरातल्या आजींच्या नळाला पाणी पांढरंफेक. मी पावडर वाढवली. वरच्या घरांतून "पाण्याला औषधाचा वास येतो" म्हणून ओरड, आजींकडे तरी रंग नाहीच. तिसऱ्या दिवशी पाइपाच्या कडेकडेने चालत गेलो. रस्त्याच्या मोरीखाली सांधा सैल, भोवती गढूळ पाणी. नळ चालू असताना तिथून पाणी बाहेर गळायचं. व्हॉल्व्ह बंद केला की रिकामा होणारा पाइप तीच घाण आत ओढायचा. सगळा क्लोरीन तिथेच खर्ची पडत होता. सांधा बदलला, शेवटचा नळ सोडून लाइन धुऊन काढली, पावडर पुन्हा १०० ग्रॅमवर आणली. आजींकडे पिवळं आलं.

चाकरमानी आले की टाकी दिवसातून तीनदा भरते. प्रत्येक भरतीला पावडर नव्याने टाकायची. मृगाच्या पहिल्या पावसात विहीर गढूळते, तेव्हा गाळ क्लोरीन खातो, म्हणून रोज टेस्ट. जांभ्यातून पाणी भराभर झिरपतं, त्यामुळे विहिरीजवळ कुणी शौचखड्डा खणायला घेतला तर भांडण झालं तरी चालेल, थांबवा. मे महिन्यात खाडीकडच्या विहिरी मचूळ होतात, त्यावर टीसीएलचा काही उपयोग नाही. उपसा कमी करायचा.

शंका आली तर एचटूएस बाटली, म्हणजे पाण्यात घाणीचे जंतू आहेत का ते दाखवणारी बाटली, त्या पाण्याने भरून ठेवा. दोन दिवसांत काळी पडली तर घरोघर सांगा: उकळी फुटल्याशिवाय पाणी प्यायचं नाही. आणि त्याच दिवशी पाइपाच्या कडेने चालायला लागा.