गावचे फादर निवर्तल्यावर दुखवटा कसा पाळावा आणि त्यांची स्मृती कशी जपावी

गोव्यातील एखाद्या गावात वर्षानुवर्षे सेवा केलेले फादर निवर्ततात, तेव्हा ते दुःख ख्रिस्ती घरांपुरते राहत नाही. ज्यांच्या मुलाची शाळेची फी त्यांनी गुपचूप भरली किंवा ज्या दोन भावांमधला बांधाचा वाद त्यांनी घरी येऊन मिटवला, त्या हिंदू घरांतही त्या दिवशी सुतक आल्यासारखी शांतता असते. अशा वेळी नेमके काय करावे, कोणाला विचारावे आणि काय टाळावे, हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ माणसे दूर उभी राहतात. त्यांच्यासाठी आणि चर्चच्या लोकांसाठीही हे लिहीत आहे. विधीचा क्रम चर्चकडे सोपवावा आणि आपले प्रेम फादरांच्या माणसांकडे व त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या कामाकडे वळवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम दफनाविषयी. मुख्य फादरांचे निधन झाल्यास, नवी व्यवस्था होईपर्यंत चर्चचा कारभार साहाय्यक फादर पाहतात आणि पुढील निर्णय पणजीच्या आल्तिनोवरील आर्चबिशपांच्या कार्यालयाशी बोलून होतात. म्हणून अंत्यविधीचा दिवस आणि वेळ गावाच्या बैठकीत परस्पर ठरवू नये, तसेच अधिकृत सूचना येण्यापूर्वी व्हॉट्सॲपवर पाठवू नये. पुष्कळ धर्मगुरूंचे दफन त्यांच्या मूळ गावी होते. त्यांनी तशी इच्छा सांगून ठेवली असेल किंवा त्यांच्या भावंडांनी ती व्यक्त केली असेल, तर सेवेच्या गावाने आग्रह धरून त्या कुटुंबाला संकटात टाकू नये. ‘आमच्या फादरांना चर्चच्या आतच पुरा’ अशी मागणी कधीकधी प्रेमापोटी होते, परंतु १९८३ च्या कॅनन कायद्यानुसार, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्यानुसार, चर्चच्या आत दफनाची मुभा पोप, कार्डिनल आणि आपापल्या चर्चमध्ये धर्मप्रांताचे बिशप एवढ्यांनाच आहे. ही गोष्ट वडीलधाऱ्यांनी वेळीच शांतपणे समजावून सांगितली, तर पुढचा कटू प्रसंग टळतो.

सांत्वनाला कोणाकडे जावे, हा प्रश्न इथे खरोखर पडतो, कारण फादरांना पत्नी नसते आणि मुले नसतात. त्यांच्या भावाबहिणींकडे आणि पुतण्याभाच्यांकडे अवश्य जावे. मात्र चर्चशेजारच्या निवासस्थानात रोज त्यांना जेवण करून घालणारा कुजनेर, पहाटे घंटा वाजवणारा साक्रिस्तांव, बागेची देखभाल करणारी बाई, यांच्याकडे सहसा कोणी वळत नाही. त्यांचे तर रोजचे माणूस गेलेले असते आणि काहींच्या नोकरीचीही शाश्वती उरत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडे कोणी तरी दोन वेळा जाऊन बसावे आणि त्यांच्या पगाराचे काय होणार, हा विषय चर्चच्या फाब्रिकीपुढे, म्हणजे चर्चची मालमत्ता आणि हिशेब पाहणाऱ्या समितीपुढे, स्पष्टपणे मांडावा. मला हे पुष्पचक्रापेक्षा फार मोठे वाटते.

अंत्यविधीचे मीस, म्हणजे मुख्य प्रार्थनाविधी, सुरू होण्याच्या बऱ्याच आधी लोक अंत्यदर्शनासाठी रांग लावतात. फादरांना मीस करताना घालायची पवित्र वस्त्रे चढवलेली असतात आणि शवपेटी अशी ठेवली जाते की त्यांचे मुख लोकांकडे असावे, जसे ते हयातभर वेदीपाशी उभे राहत असत. कोंफ्रारीचे, म्हणजे चर्चशी जोडलेल्या भाविकांच्या संघाचे, सदस्य आपल्या ओपमुसात, म्हणजे त्यांच्या खास झग्यात, पेटीसोबत चालतात. त्यांच्या रांगेत मध्येच शिरू नये. ख्रिस्तेतर माणसाने साधे, शक्यतो पांढरे किंवा फिकट रंगाचे कपडे घालावेत, मागच्या बाकांवर बसावे आणि इतर उभे राहतील तेव्हा उभे राहावे. कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर देण्याच्या, वेळी मात्र बाकावरच बसून राहावे, कारण तो प्रसाद वाटण्याचा प्रकार नसून कॅथलिक श्रद्धेचा संस्कार आहे, आणि न गेल्यास कोणालाही वाईट वाटत नाही. तसबिरीला कुंकू लावणे किंवा आरती ओवाळणे आपल्या मनात आले, तरी तिथे करू नये. हार वाहायचा असल्यास आधी विचारावे. मेणबत्ती मात्र कोणीही लावावी. आपल्याकडे वाटेवरच्या खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, ती सर्वच लावत आलेले आहेत.

भाषणांविषयी एक नियम अनेकांना ठाऊक नसतो. मीस चालू असताना होणारे प्रवचन मृताच्या गुणगौरवासाठी नसते, तशी चर्चची स्पष्ट सूचना आहे. कम्युनियननंतर, अखेरच्या निरोपाआधी, कुटुंबातील किंवा स्नेह्यांपैकी एखाद्याला थोडके बोलता येते, आणि तेही अंत्यविधी करणाऱ्या धर्मगुरूंच्या परवानगीने. सरपंच, आमदार, क्लबचे अध्यक्ष यांना बोलायचे असल्यास दुसऱ्या दिवशी पंचायत सभागृहात किंवा शाळेत शोकसभा घ्यावी. तिथे मराठीतून आणि कोकणीतून मोकळेपणाने बोलता येते.

सातव्या दिवसाचे आणि महिन्याचे मीस होते, त्यांना जावे. त्यांच्या आत्म्यासाठी मीस म्हणवून घ्यायचे असल्यास चर्चच्या कार्यालयात नाव नोंदवावे. हिंदू शेजाऱ्यानेही विचारायला संकोच करू नये.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते काम. फादरांच्या आठवणी पहिल्या वर्षातच लिहून घ्याव्यात, कारण त्यांना तरुणपणी पाहिलेली माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. दोघातिघांनी मिळून एक जाडजूड वही करावी, घरोघरी जाऊन मोबाइलवर आवाज नोंदवावा आणि जो जसे बोलेल तसेच उतरवावे, त्याचे अलंकारिक लेखन करू नये. ‘फार प्रेमळ होते’ एवढ्यावर कोणी थांबल्यास पुढे विचारावे की काय केले, कोणत्या साली, तेव्हा तिथे आणखी कोण होते. जन्म, गुरुदीक्षा आणि बदल्या यांच्या तारखा कुटुंबाकडून आणि चर्चच्या नोंदींवरून पडताळून घ्याव्यात. जुन्या फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, छायाचित्रांमागे नावे लिहावीत, नाहीतर पुढच्या पिढीला ते सगळे अनोळखी चेहरे वाटतील. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे: त्यांनी कोणाला पैसे दिले, कोणाचे व्यसन सोडवले, कोणाच्या घरातले भांडण मिटवले, हे त्या माणसाच्या संमतीवाचून नावानिशी लिहू नये. फादरांनी जे झाकून ठेवले ते त्यांच्या पश्चात उघडे पाडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

स्मारकाची घाई नको. पहिल्या महिन्यात वर्गणी गोळा करू नये. दुःखाच्या भरात दिलेल्या पैशांवरून पुढे रुसवेफुगवे होतात. चर्चच्या जागेत पुतळा किंवा फलक उभारायला चर्चच्या अधिकाऱ्यांची संमती लागते आणि रस्त्याला नाव द्यायचे तर विषय ग्रामसभेत मांडावा लागतो. ते शिकवणीवर्ग चालवत असतील, तर ते वर्ग चालू ठेवणे पुतळ्यापेक्षा मला अधिक योग्य वाटते. त्यासाठी निधी करायचा झाल्यास स्वतंत्र बँक खाते आणि दर वर्षी जाहीर हिशेब असावा.

भक्ती आणि आदर यांतली सीमाही जपावी. फादरांची तसबीर वेदीवर ठेवू नये, त्यांना ‘संत’ म्हणून फलक लावू नयेत. ती घोषणा चर्चच करते आणि त्याची प्रक्रियासुद्धा निधनानंतर निदान ५ वर्षे गेल्यावर सुरू होते, असा सर्वसाधारण नियम आहे. १९२७ साली निवर्तलेले गोव्याचे धर्मगुरू आग्नेल बाब यांच्या पिलारच्या समाधीवर सर्व धर्मांची माणसे जातात, तरीही अधिकृत संतपद त्यांना अद्याप मिळालेले नाही. गोव्याचेच धर्मगुरू संत जुझे वाझ यांचे निधन १७११ साली झाले आणि संतपदाची घोषणा २०१५ साली झाली. खाजगीत आपल्या फादरांचे स्मरण करून प्रार्थना करण्यास अर्थातच कोणाची हरकत नसते.

कबरीची चौकशी करायला विसरू नये. जागेच्या टंचाईमुळे आपल्याकडच्या बऱ्याच दफनभूमींत काही वर्षांनी कबर पुन्हा वापरली जाते आणि अस्थी वेगळ्या जागी ठेवल्या जातात. तेव्हा ती मुदत किती, अस्थी कुठे ठेवणार आणि नावाची फरशी कोण लावणार, हे कुटुंब आणि फाब्रिक यांच्याशी बोलून आधीच लिहून ठेवावे. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबर झाडून फुले वाहायला कोण जाणार हेही ठरवून घ्यावे, विशेषतः दफन दूरच्या गावी झालेले असल्यास. नवे फादर रुजू झाले की वहीची एक प्रत चर्चच्या दप्तरात ठेवण्यासाठी त्यांच्याकडे द्यावी आणि वर्षश्राद्धाच्या मिसाची तारीख त्यांना दोन महिने आधी कळवावी.