जुन्या जीपचे महामार्गावरचे ॲव्हरेज : या चुका टाळा

विदर्भातल्या खेड्यात जुनी फोर बाय फोर गाडी हौसेपेक्षा गरजेपोटी अधिक सांभाळली जाते. पावसाळ्यात पांदण रस्त्याने वावरापर्यंत पोहोचायचे असते, कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरांची ने-आण करायची असते, आणि दिवाळीनंतर तीच गाडी सारे कुटुंब घेऊन शेगावला, पंढरपूरला किंवा थेट कोकणात निघते. पांदणीत गाडी किती डिझेल पिते याचा हिशेब कोणी ठेवत नाही. पण पाच-सहाशे किलोमीटरचा प्रवास झाला, की पंपावरचा आकडा डोळ्यांत खुपतो. मग कोणी टाकीत औषध ओततो, कोणी नळीवर चुंबक बांधतो, कोणी इंजिनाच्या डिझेल पंपाची सेटिंग बदलून आणतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात राहून मी गेली चौदा वर्षे अशी एक डिझेल जीप वापरतो आहे, आणि यांपैकी बरेच खर्च मी स्वतः केले आहेत. जुन्या गाडीला ॲव्हरेजसाठी नवीन काही बसवावे लागत नाही. तिच्यात जे घासते आहे, अडते आहे किंवा कोणी तरी काढून टाकले आहे, ते शोधून पूर्ववत करावे लागते, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

हिशेबातच होणारी चूक

हजार रुपयांचे डिझेल टाकले आणि काटा खाली येईपर्यंत किती चाललो ते पाहिले, ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे, आणि तिच्यावर विसंबून कोणताही निर्णय घेऊ नये. जुन्या गाडीचा इंधनकाटा टाकी अर्धी झाल्यावर झरझर उतरतो, आणि गाडी थोडी तिरपी उभी असली तरी वेगळे सांगतो. टाकी पूर्ण भरावी, नोझल आपोआप बंद होताच थांबावे, किमान तीनशे किलोमीटर चालल्यावर शक्यतो त्याच पंपावर, गाडी त्याच बाजूला उभी करून पुन्हा तशीच भरावी, आणि दुसऱ्या वेळी जितके लिटर बसले त्याने अंतराला भागावे. असे तीन हिशेब वहीत नोंदल्याशिवाय गाडीला हात लावू नये, कारण परतीच्या प्रवासात समोरचा वारा लागला तरी आकडा सहज बदलतो.

टायर मोठे केलेल्या गाड्यांच्या मालकांची आणखी एक फसगत होते. माझ्या जीपला मुळात २३५/७० आर १६ मापाचे टायर होते. पांदणीतल्या मधल्या उंचवट्याला पोट लागू नये म्हणून मी २४५/७५ आर १६ बसवले. या टायरचा व्यास सुमारे ५ टक्क्यांनी मोठा आहे, म्हणजे एका फेऱ्यात गाडी तितकी जास्त पुढे जाते आणि मीटर मात्र जुन्याच मापाने मोजतो. मीटरवर ४८० किलोमीटर दिसले तेव्हा प्रत्यक्षात मी सुमारे ५०५ किलोमीटर चाललो होतो. ४४ लिटर डिझेलवर हा फरक १०.९ आणि ११.५ एवढा पडतो. वर्षभर मी नसलेल्या दोषाच्या मागे होतो. मोबाइलच्या नकाशावर पन्नास किलोमीटरचे अंतर एकदा ताडून पाहिले, तर मीटर किती कमी दाखवतो ते कळते आणि पुढचे सारे हिशेब त्याच प्रमाणात दुरुस्त करता येतात. अर्थात मोठ्या आणि खोल नक्षीच्या टायरमुळे इंजिनवरचा भारही खरोखर वाढतो. वर्षातले दोन महिने चिखल आणि दहा महिने डांबर असेल, तर मूळ मापाचे टायरच बरे, असे मला आता वाटते.

काढून टाकलेला थर्मोस्टॅट

ही चूक मी सर्वांत सविस्तर सांगणार आहे, कारण आपल्या भागात ती फार पसरलेली आहे आणि ती उन्हाळ्यात लक्षातच येत नाही.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, गाडी चढावर तापते, आणि गॅरेजमध्ये नेली की बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो : थर्मोस्टॅट काढून फेकून द्यायचा. “आपल्या उन्हात याची गरज नाही, दादा,” असे मलाही सांगण्यात आले होते, आणि मी ते मानले. त्या उन्हाळ्यात गाडी तापली नाही, त्यामुळे उपाय बरोबरच होता असे मी धरून चाललो. डिसेंबरमध्ये पहाटे नागपूरला निघालो, तेव्हा तापमानाचा काटा दीडशे किलोमीटरमध्ये पाव भागाच्या वर चढला नाही आणि हीटरमधून कोमट हवासुद्धा आली नाही. त्या फेरीचे ॲव्हरेज नेहमीपेक्षा लिटरमागे दीड किलोमीटरने कमी निघाले.

थर्मोस्टॅट हा मेणाच्या गोळीवर चालणारा साधा व्हॉल्व्ह आहे. इंजिन थंड असताना तो बंद राहतो, त्यामुळे इंजिनातले पाणी इंजिनातच फिरून लवकर गरम होते. गाडीनुसार साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास तो उघडतो आणि मग पाणी रेडिएटरकडे जाते. तो काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरते, आणि महामार्गावर समोरून सतत हवा लागत असल्यामुळे इंजिन योग्य तापमानाला पोहोचतच नाही. थंड इंजिनात ऑइल घट्ट राहते, घर्षण वाढते, इंधन नीट जळत नाही. आणि संगणकावर चालणाऱ्या कॉमन रेल डिझेल किंवा इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत इंजिन अजून गरम होत आहे असे समजून जास्त इंधन सोडले जाते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसेल तर बरेचसे पाणी बायपासच्या वाटेने रेडिएटरला टाळूनच फिरत राहते, त्यामुळे ज्या तापण्यासाठी तो काढला ते तापणे उलट वाढू शकते.

तपासणी घरच्या घरी होते. सकाळी थंड गाडी सुरू करून, पंख्यापासून हात सांभाळत, रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला दर मिनिटाला स्पर्श करावा. थर्मोस्टॅट जागेवर असेल आणि नीट चालत असेल, तर तो पाइप बराच वेळ थंड राहतो आणि मग थोड्याच वेळात एकदम गरम होतो. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट एक तर नाही किंवा उघडाच अडकलेला आहे. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये. नवीन थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी तो भांड्यातल्या पाण्यात दोरीने टांगून पाणी तापवले, तर तो उघडताना डोळ्यांनी दिसतो.

माझी गाडी मुळात का तापत होती, हे कळायला आणखी एक वर्ष गेले. रेडिएटर बाहेर काढला तेव्हा त्याच्या आणि एसीच्या जाळीच्या मधल्या फटीत वाळलेली काळी माती, गवताची कुसळे आणि कापसाच्या गाठोड्यांतून उडालेली रुई यांचा अक्षरशः नमदा बसलेला होता. बाहेरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसत होती. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने तो धुतला आणि थर्मोस्टॅट परत बसवला, त्यानंतर मे महिन्यातही काटा मधोमध राहतो. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा इथे वापरू नये, जाळीची पाती वाकतात आणि हवा जाण्याची वाट कायमची बंद होते.

घासणारी चाके

सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून एका माणसाने ढकलली तर ती सहज हलली पाहिजे. दोघांना जोर लावावा लागत असेल, तर तुमचे डिझेल तिथे जात आहे. चिखलात चालणाऱ्या गाडीत ब्रेकच्या ड्रममध्ये माती जाते, कॅलिपरच्या पिना सुकतात, हँडब्रेकची वायर गंजून अर्धी ओढलेली राहते. दहा-पंधरा किलोमीटर चालल्यानंतर शेवटी ब्रेक न लावता, वेग आपोआप कमी होऊ देत गाडी थांबवावी, आणि चाकाच्या मध्यभागाजवळ हाताचा मागचा भाग न टेकवता जवळ न्यावा. चारही चाकांची ऊब सारखी असावी. माझ्या मागच्या डाव्या चाकावर पाण्याचे थेंब टाकले तेव्हा ते चर्र करून उडाले, बाकीची तीन चाके जेमतेम कोमट होती. आत ब्रेक शूची स्प्रिंग तुटून शू ड्रमला सतत चिकटलेला होता. असे एकच चाक तापत असेल तर ब्रेक आणि बेअरिंग दोन्ही उघडून पाहावेत, कारण हा विषय डिझेलपुरता राहत नाही.

फोर बाय फोरचा लिव्हर टू-व्हीलवर आला आहे याची खात्री डांबरावर चढण्यापूर्वीच करावी. अर्धवेळ फोर-व्हील पद्धतीच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळ्या गतीने फिरण्याची मुभा नसते; कोरड्या डांबरावर ती यंत्रणा आवळली जाते, स्टिअरिंग जड होते आणि टायर घासले जातात. जिप्सीसारख्या ज्या गाड्यांना पुढच्या चाकांच्या मध्यभागी, हबवर, हाताने फिरवायची चकती असते, त्यांत लिव्हर मागे घेतला तरी ती चकती लॉकवरच राहून जाते आणि पुढचे ॲक्सल विनाकारण फिरत राहतात. आमच्या गावातली एक जिप्सी अशी दोन हंगाम चालली.

आणखी एक अगदी आपल्या मातीचा दोष. काळी माती रिमच्या आतल्या बाजूला बसून सिमेंटसारखी वाळते. सत्तरच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागले की लोक बॅलन्सिंगचे पैसे देतात. आधी आतून खरवडून पाहावे.

हवेचा दाब

दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेला दाब थंड टायरसाठी असतो. तापमान १० अंशांनी वाढले की टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. दुपारी तापलेल्या रस्त्यावरून पंपावर येऊन “दाब जास्त झाला” म्हणून हवा काढली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तेच टायर तीन-चार पीएसआयने कमी भरतात, आणि कमी हवेचा टायर भर वेगात वाकून-वाकून तापतो. त्याने डिझेल जाते आणि टायर फुटण्याचा धोका तर त्याहून मोठा आहे. आपला स्वतःचा गेज घ्यावा आणि सकाळी निघण्यापूर्वी घरीच मोजावे. चिखलात पकड मिळावी म्हणून हवा कमी केली असेल तर ती डांबरावर येताच भरावी. याच वेळी टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर अलाइनमेंट बिघडले आहे.

वेग आणि टपावरचे ओझे

समृद्धी महामार्गावर कारसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, म्हणून जुन्या जीपने शंभरने जावे असे नाही. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : ८० वरून १०० वर गेले की हा अवरोध सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो. सपाट काचेच्या, चौकोनी गाडीला ही किंमत कोणत्याही सेडानपेक्षा जास्त मोजावी लागते, आणि चारच गिअर असलेल्या जुन्या जीपमध्ये इंजिनही त्या वेगाला फार जोरात फिरत असते. मी ७५ ते ८० च्या मध्ये, डाव्या मार्गिकेतून चालतो. बाकी सर्व दुरुस्त्यांनी मिळून जितका फरक पडला, जवळपास तितका या एका सवयीने पडला.

गाडीतले सामान कमी करण्यावर लोक जास्त भर देतात. शहरात, जिथे क्षणोक्षणी थांबावे लागते, तिथे वजन महत्त्वाचे आहे. महामार्गावर एकसारख्या वेगात मात्र आतल्या पोत्यापेक्षा टपावरचे रिकामे कॅरियर जास्त डिझेल खाते. लग्नसराईत बसवलेले कॅरियर वर्षभर तसेच राहते. चार नटांचे काम आहे, निघण्यापूर्वी काढावे. सामान न्यायचेच असेल तर ते आत, मागच्या सीटजवळ बांधावे.

इंजिनाकडे शेवटी

हे सारे झाल्यावरच इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पंप आणि नोझलकडे वळावे. चढावर काळा धूर येत असेल तर पहिल्यांदा एअर फिल्टर पाहावा. वणी-चंद्रपूरच्या कोळशाच्या रस्त्यावर तो पुस्तिकेत दिलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी भरतो. जुन्या जीपमध्ये तळाशी तेल असलेला एअर फिल्टर असतो; त्या तेलात गाळ साचला असेल तर ते बदलावे. टर्बो गाडीत रबरी होज चिरला असेल तर शिट्टीसारखा आवाज येतो, ओढ कमी होते आणि चिरेभोवती तेलकट धूळ चिकटलेली दिसते. पंप “वाढवून”, म्हणजे जास्त डिझेल सोडेल असा करून, देणाऱ्याकडे गाडी नेऊ नये. वाढवलेला पंप धूर देतो, ॲव्हरेज देत नाही.

पेट्रोलच्या जुन्या गाड्यांबाबत एवढे ध्यानात ठेवावे, की इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणावर सहा-सात टक्क्यांची घट इंधनामुळेच येऊ शकते; त्यासाठी कार्ब्युरेटर उघडत बसू नये. इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या मात्र बदलून घ्याव्यात.

उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय तर आजच मोडावी. गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की डिझेलचा पुरवठा जवळजवळ थांबतो आणि चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिनाला चालू राहण्यासाठी डिझेल लागतेच. शिवाय सारा भार ब्रेकवर येतो. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे येताना ज्या गिअरमध्ये तो घाट चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे, आणि खाली पोहोचल्यावर सावलीला थांबून पुन्हा एकदा चारही चाकांजवळ हात नेऊन पाहावा. घाट उतरल्यावर ती तापलेली असणारच. पुढची दोन्ही एकमेकांइतकी आणि मागची दोन्ही एकमेकांइतकी तापलेली आहेत का, एवढेच ताडायचे असते.