वर्गातलं मूल गप्प झालं तर: वर्गशिक्षकांनी काय करावं

सातवीतला एक मुलगा होता. पहिल्या बाकावर बसायचा, फळा पुसायला सगळ्यांच्या आधी धावायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो तिसऱ्या बाकावर गेला, मग शेवटच्या. डबा उघडायचा, दोन घास खायचा आणि झाकण लावायचा. माझ्या लक्षात आलं ते महिन्याभरानंतर, हजेरीपत्रकाच्या बेरजा करताना. त्याच्या ओळीत चार सोमवार गैरहजर. पुढे कळलं, की रविवारी रात्री घरात भांडणं व्हायची आणि सोमवारी आईला एकटीला सोडून शाळेत यायला तो घाबरायचा.

तो महिना मला अजून आठवतो. म्हणून हे लिहिते आहे, मुख्यतः माझ्यासारख्या वर्गशिक्षकांसाठी. समुपदेशक सगळ्या शाळांत नाहीत, आणि जिथे आहेत तिथेही मुलाला त्यांच्या दारापर्यंत नेतं ते रोज हजेरी घेणारं माणूसच. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मानसिक आजारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. म्हणजे आपल्या आठवी-नववीतच.

आधी हजेरीपत्रक वाचा

महिन्यातून एकदा हजेरीपत्रक बेरजेसाठी नव्हे, मुलांसाठी वाचा. ठरावीक वारी पडणारे खाडे, चाचणीच्या आदल्या दिवशीची गैरहजेरी, गणिताच्या तासालाच दुखणारं पोट. मुलाची तुलना त्याच्याशीच करा. मुळात अबोल असलेलं मूल अबोल असेल तर ते त्याचं रूप आहे. बडबडं मूल दोन आठवडे गप्प असेल तर विचारायला हवं. अक्षर अचानक बारीक होणं, जुना मित्र सुटणं, वर्गात डुलक्या, क्षुल्लक कारणावरून हात उचलणं, ऐन उन्हाळ्यातही बाह्या खाली ओढून बसणं. यातल्या एकाच गोष्टीवरून काही ठरवू नका. दोन-तीन एकत्र दिसल्या तर एका छोट्या वहीत तारखेसह टिपा. ती वही कुलपात राहू द्या. स्टाफरूममध्ये ‘त्याच्या घरी ना...’ अशी चर्चा सुरू झाली, की ती चार दिवसांत मुलाच्या कानावर जाते, आणि मग ते पुन्हा कोणाशी बोलत नाही.

मग बोला, पण बोलावून नव्हे

भर वर्गात ‘सुट्टीत मला येऊन भेट’ म्हटलं की साठ माना वळतात. त्याऐवजी वह्यांचा गठ्ठा उचलायला हाताशी घ्या, ग्रंथालयातली पुस्तकं लावायला सांगा. समोरासमोर बसवल्यावर मुलं आक्रसतात. शेजारी चालताना, हाताला काम असताना जास्त बोलतात.

‘तुला काय झालंय?’ या प्रश्नात आरोप ऐकू येतो. जे दिसलं तेच सांगा: “गेल्या आठवड्यापासून तू डबा अर्धाच खातोस, मला दिसतंय. काही होतंय का रे?”

बहुतेक वेळा उत्तर येतं, “काही नाही, बाई.” तिथे ताणू नका. “बरं. शाळा सुटल्यावर मी दहा मिनिटं ग्रंथालयात असते,” एवढं म्हणा आणि खरंच तिथे बसा. पहिल्या दिवशी कोणी येत नाही. तो मुलगा माझ्याकडे चौथ्या दिवशी आला, आणि पहिला प्रश्न त्याने विचारला तो नकाशाच्या वहीबद्दल. खरं बोलणं त्यानंतर पंधरा मिनिटांनी, दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत सुरू झालं.

मूल बोलायला लागलं की आपण कमी बोलायचं. मध्येच उपाय सांगू नका. ‘एवढ्याशा गोष्टीचं काय’, ‘आमच्या वेळी तर’, ही वाक्यं गिळून टाका. आणि ‘आईवडील तुझ्यासाठी किती राबतात बघ’ हे तर कधीच म्हणू नका. आपल्या शाळांमध्ये हे वाक्य सर्रास ऐकू येतं, आणि ते म्हणणाऱ्याची तळमळही खरी असते. पण खचलेल्या मुलाच्या डोक्यावर ते ओझं आधीपासूनच असतं. आपण त्यात भर घालतो, आणि मूल म्हणतं, “हो बाई, चुकलं,” आणि उठून जातं.

उठण्याआधी एक विचारा: “यातलं घरी कोणाला सांगितलेलं चालेल?” मावशी, आजी, मोठा भाऊ, कोणीतरी असतंच.

‘कोणाला सांगणार नाही’ असा शब्द देऊ नका

हा शब्द पाळता येत नाही आणि मोडला तर विश्वासच मोडतो. सुरुवातीलाच सांगा: “तुझं बोलणं मी चारचौघांत नेणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुला त्रास देत असेल, तर मदत करू शकणाऱ्या माणसाला सांगावंच लागेल, आणि सांगण्याआधी मी तुला सांगेन.”

लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. त्याचे शब्द त्याच्याच भाषेत लिहून ठेवा. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणून आपली जबाबदारी संपत नाही, आणि ‘शाळेचं नाव खराब होईल’ हे थांबण्याचं कारण होऊच शकत नाही. पुढे काय करायचं ते सुचत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

जिवाचं बोलणं निघालं तर

‘मी नसलो तर सगळ्यांना बरं होईल’, ‘झोपावं आणि उठूच नये’. निबंधाच्या वहीत, मित्राला पाठवलेल्या संदेशात, चेष्टेच्या सुरातही असं येतं. जपलेल्या वस्तू वाटून टाकणं हीसुद्धा खूण आहे. अशा वेळी आडून बोलू नका. शांतपणे विचारा: “जीव द्यावा असं मनात येतं का?” विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट पहिल्यांदाच कोणीतरी नाव घेऊन विचारलं, याने त्याचा श्वास मोकळा होतो.

उत्तर ‘हो’ आलं, की त्या क्षणापासून मूल एकटं राहता कामा नये, स्वच्छतागृहापर्यंतही कोणीतरी सोबत हवं. मुख्याध्यापकांना सांगा, पालकांना बोलावून मूल त्यांच्या हाती द्या, घरातल्या धोक्याच्या वस्तू कुलपात ठेवायला सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेचा, क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, आणि शिक्षकही त्यावर सल्ला विचारू शकतात. काही बरंवाईट घडेलच असं दिसत असेल तर ११२ ला फोन करा किंवा थेट सरकारी रुग्णालय गाठा. पोलीस केस होईल या भीतीने घरचे लपवतात. त्यांना सांगा, की २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

घरच्यांशी कसं बोलायचं

शाळेचा फोन आला की घरी पहिली धडकी भरते: काय केलं यानं? म्हणून पहिलं वाक्य, “तक्रार नाहीये, काळजी वाटली म्हणून फोन केला.” मग नोंदवहीतल्या दोन गोष्टी सांगा आणि विचारा, “घरी तुम्हाला काय दिसतं?” निदान आपण करायचं नाही. ‘नैराश्य आहे’ हे शब्द डॉक्टरांचे.

‘वेड्याच्या डॉक्टरकडे कशाला?’ हे ऐकावं लागतंच. मी म्हणते, “ताप उतरत नसला तर आपण थांबतो का? झोप आणि भूक महिनाभर गेलीय.” जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, हे अनेकांना ठाऊकच नसतं. कोणत्या वारी जायचं, कुठल्या खिडकीवर केसपेपर काढायचा, हे आधी फोन करून विचारून चिठ्ठीवर लिहून द्या. एवढ्याने जाणाऱ्याचा निम्मा धीर वाढतो. बीड-अहिल्यानगरकडच्या आमच्या भागात ऊसतोडीच्या हंगामात आईवडील गावात नसतात, मूल आजीपाशी असतं. तिथे फोनवर भागत नाही, घरी जावं लागतं.

वर्गाची हवा

चांगली हवा भाषणाने येत नाही. चाचणीचे गुण मोठ्याने वाचणं बंद करा, पेपर पालथा करून हातात द्या. आडनावावरून, रंगावरून, चालण्यावरून पडलेली टोपणनावं ऐकून न ऐकल्यासारखं करू नका. त्याच क्षणी, आवाज न चढवता थांबवा. मारणं आणि मानसिक छळ, दोन्हींना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई आहे. वर्गासमोर केलेला अपमान छडीइतकाच लागतो.

शाळेकडेही मागणी करा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय लेखी द्या.

दहावीचा निकाल

निकालाच्या आठवडाभर आधी वर्गाला फळ्यावर लिहून दाखवा: उत्तीर्ण व्हायला ३५ गुण, राहिलेल्या विषयांसाठी जून-जुलैमधली पुरवणी परीक्षा, आणि एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत प्रवेश. ही माहिती निकाल लागण्याआधी मनात बसलेली हवी, नंतर कोणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतं. ज्यांची धास्ती वाटते अशा मुलांची नावं आधीच काढून ठेवा. निकाल दुपारी एकला लागतो. पहिले फोन त्यांनाच करा, पहिल्या आलेल्यांचे हार-पेढे संध्याकाळी. नव्वद टक्क्यांची अपेक्षा असलेल्या आणि ब्याऐंशी मिळालेल्या मुलीलाही त्या यादीत धरा.

मूल परत येतं तेव्हा

उपचारांनंतर किंवा मोठ्या खंडानंतर मूल शाळेत येतं, तो दिवस फार नाजूक असतो. आदल्या दिवशी त्याला फोन करून विचारा, की वर्गाला काय सांगू. ‘बरं नव्हतं’ पुरेसं असेल तर तेवढंच. बुडालेला अभ्यास सगळा एकदम मागू नका, या आठवड्यात भाषा आणि गणित, बाकीचं नंतर. टाळ्या नकोत, स्वागत नको.

तो सातवीतला मुलगा मामाच्या घरी तीन आठवडे राहून परत आला, तेव्हा मी त्याच्या जुन्या मित्राला फक्त शेजारची जागा रिकामी ठेवायला सांगितलं होतं. हजेरीत त्याचं नाव आलं. “हजर, बाई.” मी पुढचं नाव घेतलं.